वाचणाऱ्या बोटांचं मलम

प्रफुल्ल देवतळेचं पत्र आलं, तेव्हा आश्लेषा चौगुलेच्या सात बोटांना पट्ट्या होत्या.

पत्र जाडजूड होतं. ब्रेलचा कागद मुळात पुठ्ठ्यासारखा, आणि हे तर चार-पाच पानांचं असावं. आईनं पोस्टमनकडून घेऊन ते तिच्या मांडीवर ठेवलं.

"यवतमाळहून आलंय. तुझ्या त्या गणिताच्या सरांचं."

"माझे कशाला? शाळेतले सर आहेत ते."

"तेच म्हणते मी," आई म्हणाली आणि मुद्दाम भांड्यांचा आवाज करत स्वयंपाकघरात गेली.

आश्लेषानं पट्टी नसलेलं करंगळीचं बोट पाकिटावरून फिरवलं. करंगळीला वाचायची सवय नव्हती. तिनं पाकीट कपाटातल्या खणात ठेवून दिलं.

आश्लेषा जन्मापासून पाहू शकत नव्हती, आणि वाचल्याशिवाय राहूही शकत नव्हती. वय एक्केचाळीस. सांगलीतल्या एका ब्रेल छापखान्यात ती एकोणीस वर्षं मुद्रितशोधक होती. मराठी मजकुराचं ब्रेल आता यंत्रच करून टाकत असे; पण शाळेच्या पुस्तकाचं प्रत्येक पान माणसाच्या बोटाखालून गेल्याशिवाय छापायचं नाही, असा नियम होता. यंत्र जोडाक्षरांत गडबडायचं, आणि गणितात तर एका टिंबाच्या चुकीनं बेरजेची वजाबाकी व्हायची. आश्लेषाच्या दोन्ही तर्जन्या कागदावरून धावायच्या, उजवी जरा पुढं आणि डावी मागून खात्री करत. मिनिटाला एकशे वीस शब्द. छापखान्यात तिच्या हातून सुटलेली चूक कुणाला आठवत नव्हती.

मग बोटं बिघडली. सुरुवात तिच्याच शिस्तीनं झाली. कागदाला तेलकट डाग लागू नयेत म्हणून ती दर अर्ध्या तासानं हातांना सॅनिटायझर लावायची. वर्षभरात टोकं कोरडी पडली, मग लाल झाली, मग चिरली. आणि मग सगळ्यांचे उपाय सुरू झाले. आईची साय-हळद. छापखान्यातल्या एकीनं दिलेलं लिंबाच्या वासाचं क्रीम. कुणाचं व्हिटॅमिन सीचं सीरम, कुणाचा मृत त्वचा काढणारा स्क्रब. प्रत्येक वस्तू कुणा ना कुणाला लागू पडलेली होती. आश्लेषाच्या बोटांची मात्र नुसती आग होत होती. शेवटी साहेबांनी तिला पानांवरून काढून फोन घ्यायला बसवलं. "बरं वाटेपर्यंत हं," असं ते म्हणाले, आणि त्याला आता तीन महिने झाले होते.

आठव्या दिवशी प्रफुल्लचा फोन आला.

"पत्र मिळालं?"

"मिळालं."

"वाचलं?"

"वाचते."

"आठ दिवस झाले, मॅडम. माझी पाचवीची पोरं याच्याहून लवकर वाचतात."

ती हसली. "फोनवरच सांगा ना काय लिहिलंय ते."

"नाही जमत. फोनवर माझा आवाज थरथरला तर तुम्हाले लगेच समजेल. कागदावर टिंबं थरथरत नाहीत."

दोन वर्षांपूर्वी पुण्यात ब्रेलमधल्या गणिती खुणा ठरवायची एक बैठक झाली होती. तिथं अपूर्णांकाच्या खुणेवरून हे दोघं तीन दिवस भांडले होते. तेव्हापासून पत्रं सुरू झाली. तोही ब्रेलच वाचायचा, पाटी आणि टोच्या घेऊन एकेक टिंब हातानं पाडून लिहायचा. त्याच्या ठोशांवरून त्याची मनःस्थितीसुद्धा तिला कळायची. चिडला की टिंबं खोल.

फोनसमोर कागद धरला असता तर फोननं ते पत्र वाचून दाखवलं असतं. पण ते एका अनोळखी गोड आवाजात, त्याच्या वाक्यांना बातम्यांची चाल लावून. तिला ते नको होतं. आणि बोटांचं तिनं त्याला सांगितलंही नव्हतं. तो तिला 'वाचणारी' म्हणून ओळखत होता. तिला ती ओळख सोडवत नव्हती.

*

मिरजेच्या त्वचेच्या डॉक्टर यास्मिन मुजावर मोठ्यानं बोलायच्या आणि भराभर चालायच्या. त्यांनी आश्लेषाचे हात हातात घेतले.

"काय काय लावता?"

आईनं पिशवी उपडी केली. डॉक्टर एकेक डबी उचलून वास घेत टोपलीत टाकू लागल्या. प्रत्येक डबीचा ठक्क असा आवाज होत होता. आश्लेषानं अकरा मोजले.

"साय-हळदपण?" आईनं विचारलं.

"तीपण, मावशी. हळद चांगली आहे, पण चिरलेल्या बोटांवर नको." मग त्या आश्लेषाकडं वळल्या. "विटांची भिंत हातानं चाचपून पाहिलीय कधी?"

"पाहिलीय. गावाकडं."

"मग समजून घ्या. कातडीचा सगळ्यात वरचा थर तसाच असतो. मेलेल्या पेशी म्हणजे विटा. त्यांच्यामध्ये चुना भरावा तशी तीन प्रकारची चरबी असते. सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. हा चुना शाबूत असला की बाहेरचं आत येत नाही, आतलं पाणी बाहेर उडत नाही. तुम्ही तो वर्षभर रोज धुऊन काढलात. आता भिंतीला फटी आहेत. लिंबाचा वास, सीरम, स्क्रब, जे काही लावाल ते थेट आत जातं आणि तिथल्या मज्जातंतूंना झोंबतं. लोक याला संवेदनशील त्वचा म्हणतात. मी म्हणते, उघडी पडलेली त्वचा."

"मग चुना भरा."

"तोच भरायचाय. पण तिन्हींचं प्रमाण जमलं पाहिजे. एकटं सेरामाइड भरलं तर भिंत उलट उशिरा सावरते. आणि प्रमाण प्रत्येकाचं वेगळं असतं. म्हणून हे."

त्यांनी तिचा हात एका थंड खोबणीत सरकवला. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र होतं. त्याचं नाव 'कवच'. हलकी हवा फुंकल्यासारखं झालं, मग एक मऊ चिकट पट्टी बोटाला लागून सुटली. कातडीतून किती पाणी उडतंय, तिचा आंबटपणा किती, चुन्यात कुठली चरबी कमी, वर कुठले जिवाणू नांदतायत, हे सगळं ते अर्ध्या मिनिटात मोजत होतं. त्याच्या पोटात बेचाळीस कुप्या होत्या. त्यांतलं नेमकं काय घ्यायचं हे ठरवून ते रोज सकाळी हरभऱ्याएवढं ताजं मलम बाहेर टाकायचं.

"बेचाळीसपैकी तुम्हाला सात," डॉक्टरांनी वाचून दाखवलं. "चुन्याच्या तीन चरब्या. पाणी धरून ठेवायला ग्लिसरीन. आग शमवायला पँथेनॉल. कातडीनं स्वतः सेरामाइड बनवायला शिकावं म्हणून नायसिनामाइड. आणि वरून झाकण म्हणून कोकमाचं तेल. वास कसलाही नाही. जसजशी कातडी सुधारेल, तसं यंत्र स्वतःच फेरफार करेल."

"कोकम!" आई खूश झाली. "बघ, आपल्या घरात बरणीभर आहे."

"तुमच्या बरणीतलं आमटीत घाला, मावशी."

*

पहिला महिना सणासारखा गेला. यंत्र घरी आणलं होतं. रोज सकाळी आश्लेषा खोबणीत हात घालायची, आणि यंत्र सभ्य मराठीत सांगायचं, "मजबुती शंभरपैकी अडतीस." मग सेहेचाळीस. मग एकसष्ट. दहाव्या दिवशी शेवटची पट्टी निघाली. पंधराव्या दिवशी तिनं स्वतः लिंबू पिळलं आणि काहीच झोंबलं नाही. तेव्हा तिनं ओट्यापाशी उभ्या उभ्या मोठ्यानं गाणं म्हटलं. आईनं शेजारच्या चारही घरांत नेऊन तिचे हात दाखवले.

"चौऱ्याण्णव," सव्विसाव्या दिवशी यंत्र म्हणालं. "अभिनंदन."

त्या दुपारी तिनं पत्र बाहेर काढलं. खुर्ची खिडकीशी ओढली, पान मांडीवरच्या पाटावर पसरलं, आणि डावी तर्जनी पहिल्या ओळीवर ठेवली.

टिंबं होती. पण जाड चादरीखाली ठेवल्यासारखी. कुठं तीन आहेत की चार, वरचं की मधलं, काहीच सुटं होईना. 'आश्लेषा' एवढं तिनं ओढूनताणून लावलं, तेही आपलं नाव असणार म्हणून. पुढची ओळ तिनं पुन्हा घासली, पुन्हा घासली. मग दचकून हात मागं घेतला. हातानं पाडलेली टिंबं घासून घासून बसतात. आणखी दहा वेळा असं केलं असतं, तर पत्र तिच्याच बोटांनी पुसलं गेलं असतं.

चौऱ्याण्णव गुणांच्या त्या देखण्या बोटांकडं ती बराच वेळ तोंड करून बसली. चिरलेल्या बोटांनी निदान दुखून तरी सांगितलं असतं की आपण बिघडलोय.

*

"चूक यंत्राची नाही," डॉ. यास्मिननी नोंदी वाचून सांगितलं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "त्याला सांगितलंय की भिंत मजबूत कर. त्यानं केली. दुसऱ्या आठवड्यापासून त्यानं एक छोटं प्रथिन घातलंय. ते खालच्या पेशींना सांगतं, थर वाढवा. वरून सिलिकोनचा पातळ पडदा. भांडी घासणाऱ्या हातांना याच्याहून चांगलं काही नाही."

"पण माझे हात वाचतात."

"तेच त्याला माहीत नाही. दोन लाख हातांवर ते शिकलंय. नर्स, मेकॅनिक, हॉटेलातले लोक. बोटांनी वाचणारं त्यात एकही नव्हतं. स्पर्श ओळखणाऱ्या पेशी या थराच्या खाली असतात, आश्लेषाताई. वर भिंत जाड झाली की टिंबाचा उंचवटा खाली पोचेपर्यंत पसरून जातो."

"मग जाडी कमी करा."

"करता येईल. पण मी कबूल करते, हे आधी कुणी केलेलं नाही. पुन्हा चिरा पडू शकतात. आणि पडल्या तर वाचन आणखी लांबेल. कंपनीला विचारलं, ते म्हणाले चौऱ्याण्णववर आहे ना, हात लावू नका."

घरी आईचंही तेच मत होतं.

"आग थांबली ना? झालं की. आता फोन सगळं वाचतो, आशू. पेपर वाचतो, औषधाची बाटली वाचतो. ते पत्रपण वाचेल. परत त्या चिरा नकोत गं. तुला भाकरी मोडताना बघवायचं नाही मला."

"फोन वाचतो तेव्हा मी ऐकते, आई. वाचत नाही."

"दोन्ही सारखंच की."

"तुला टीव्हीवर कुणी पुरणपोळी खाताना दाखवली तर चालेल?"

आई तिच्याशेजारी येऊन बसली. मग तिनं विचारलं, "त्या पत्रात काय आहे, असं वाटतं तुला?"

"माहीत नाही."

"पण अंदाज?"

आश्लेषाचे कान गरम झाले. आईनं बघितलं असणारच. कारण ती पुढं एवढंच म्हणाली, "मग तुझ्या बोटांनीच वाच बाई. त्या डॉक्टरीणबाईला सांग, मी ओरडणार नाही."

*

युक्ती आश्लेषालाच सुचली. एकोणीस वर्षं ती यंत्राच्या चुका काढत आली होती. यंत्र चुकतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला प्रश्नच चुकीचा घातलेला असतो, हे तिला पाठ होतं.

"डॉक्टर, हे यंत्र गुण देतं ते कसले?"

"पाणी किती कमी उडतं त्याचे."

"मग माझ्या बोटांना माझ्या परीक्षेचे गुण द्या. मी रोज सकाळी त्याच्यासमोर ब्रेलचं एक पान वाचते. किती वेळ लागला, किती चुका झाल्या, ते त्याला मोजू दे. आणि त्यावरून मलम ठरवू दे."

टेबलापलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डॉ. यास्मिन उभ्या राहिल्या होत्या. "संशोधनासाठी एक मोकळी खिडकी आहे त्यात. उद्दिष्ट आपण लिहायचं." त्या भराभर फेऱ्या घालू लागल्या. "आणि दहाही बोटांना कशाला? आठ बोटं मजबूत राहू देत. फक्त दोन तर्जनींचं मलम वेगळं. मजबुती साठच्या खाली जाऊ द्यायची नाही, एवढी एकच अट. त्याच्या वर राहून वाचनाचा वेग जितका वाढेल तितका वाढवायचा. अहो, हे मला का नाही सुचलं?"

"तुम्ही डोळ्यांनी वाचता म्हणून," आश्लेषा म्हणाली, आणि दोघी खळखळून हसल्या.

छापखान्यातून रोज नवं पान येऊ लागलं. पाठ होऊ नये म्हणून कधी इतिहास, कधी पाककृती, कधी क्रिकेटचे नियम. पहिल्या दिवशी मिनिटाला अठरा शब्द. यंत्रानं वाढीचं प्रथिन थांबवलं, सिलिकोनचा पडदा काढला. एकवीस. चोवीस. जाडी उतरवायला त्यानं चिमूटभर युरिया घातला. एकतीस. आश्लेषाला वाटलं, जमलं.

नवव्या दिवशी डाव्या तर्जनीला टोकाशी एक बारीक चीर पडली, आणि युरिया त्यात असा झोंबला की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आई दारात उभी राहिली. दिलेल्या शब्दाप्रमाणे ती ओरडली नाही, फक्त गार पाण्याचं भांडं पुढं सरकवलं. यंत्रानं युरिया बंद केला. सहा दिवस नुसता चुना, ग्लिसरीन आणि पँथेनॉल. त्या सहा दिवसांत वाचनाचे आकडे खाली गेले.

सातव्या दिवसापासून यंत्र वेगळ्या वाटेनं निघालं. युरिया परत आला, पण आधीच्या चौथ्या हिश्शानं आणि दिवसाआड. कोकमाचं तेल फक्त संध्याकाळी. सकाळी पान घेण्याआधी ओल्या फडक्यानं पुसून टाकायचं. मग त्यानं अशी एक गोष्ट शोधली, जी डॉ. यास्मिननाही माहीत नव्हती. ग्लिसरीन जास्त झालं की बोट ओलसर होऊन कागदाला चिकटायचं. कमी झालं की सरकून टिंबावरून निसटायचं. दोन्हींच्या मधोमध एक अरुंद जागा होती. तिथं बोट कागदावरून असं जायचं, जसा चांगला इस्त्रीवाला कापडावरून हात फिरवतो. यंत्र रोज थोडं थोडं त्या जागेकडं सरकत गेलं.

चव्वेचाळीस. एकोणसाठ. ऐंशी.

एक्केचाळिसाव्या दिवशी पान भाजीच्या रोपांच्या लागवडीचं होतं. आश्लेषा वाचायला लागली आणि दुसऱ्या ओळीपाशी विसरलीच की आपण वाचतोय. वांग्याच्या रोपांमध्ये किती अंतर ठेवायचं, एवढंच डोक्यात राहिलं. पान संपलं तेव्हा तिला वाईट वाटलं.

"एकशे बारा शब्द," यंत्र म्हणालं. "चूक नाही. मजबुती एकाहत्तर." मग थोडं थांबून त्यानं विचारलं, "इथंच थांबायचं का?"

"थांब बाबा, थांब!" आश्लेषा ओरडली. आई पळत आली, दोघींनी एकमेकींना मिठी मारली, आणि पाककृतींची जुनी पानं टेबलावरून खाली पडली.

*

पत्र तिनं दुसऱ्या दिवशी दुपारी वाचलं. आईला अचानक वैरणबाजाराच्या पलीकडं काहीतरी आणायचं आठवलं होतं, आणि ती निघून गेली होती.

'आश्लेषा,' त्यानं लिहिलं होतं, 'कागदावर धीर येतो म्हणून तुला "तू" म्हणतोय. राग आला तर पुढचं पान वाचू नकोस.

पहिली गोष्ट. अपूर्णांकाच्या खुणेचं तुझंच बरोबर होतं. मला हे दुसऱ्याच दिवशी समजलं होतं, पण कबूल केलं असतं तर भांडण संपलं असतं, आणि भांडण संपलं असतं तर तुला पत्र कशाच्या निमित्तानं लिहिणार होतो?

दुसरी गोष्ट. माझ्या शाळेत मी सुखात आहे. पण संध्याकाळी पोरं गेली की मी दिवसभरातल्या गमती मनातल्या मनात तुला सांगतो. दोन वर्षांपासून सांगतोय. त्यातल्या फार थोड्या पत्रात उतरतात. कागद पुरत नाही.

तिसरी गोष्ट. सांगलीच्या शाळेत गणित शिक्षकाची जागा निघाली आहे. अर्जाची मुदत या महिनाअखेरपर्यंत. अर्ज करू का? तू नको म्हणालीस, तरी पत्रं चालूच राहतील. भांडायला दुसरी खूण शोधू.'

टिंबं सगळी एकसारखी पडली होती, फक्त 'अर्ज करू का' इथली खोल होती. कागद जवळजवळ फाटला होता.

महिनाअखेर. आश्लेषानं बोटांवर हिशेब केला. ती मुदत उलटून सात-आठ आठवडे झाले होते.

फोन तिनं लावला तेव्हा तिचाच आवाज थरथरत होता.

"वाचलं," ती म्हणाली.

पलीकडं शाळेची घंटा वाजली, पोरांचा गोंगाट उठला आणि मावळला.

"आता?" प्रफुल्ल म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही कधीच वाचून घेतलं आणि उत्तर द्यायचं टाळताय. मी समजून घेतलं होतं."

"बोटं गेली होती माझी. पाच-सहा महिने. वाचताच येत नव्हतं."

तिनं सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "एवढं झालं, आणि मला सांगितलं नाही? बोटं काय असतात, हे मलेच समजलं नसतं?"

"तुम्हाला वाटलं असतं, ही आता वाचणारी राहिली नाही."

"मले वाटलं असतं, बाईला त्रास होऊन राहिला. दुसरं काय वाटणार?" तो खरोखर दुखावला होता. चूक तिची होती, आणि चूक मान्य करायला ती फारशी शिकलेली नव्हती.

"चुकलं माझं," शेवटी ती म्हणाली. "पुन्हा असं लपवणार नाही. आणि तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर 'कर' असं होतं. आता मुदत गेली, पण—"

"कुठं गेली? मी शेवटच्या दिवशी टाकला अर्ज."

"मला न विचारता?"

"गणिताचा माणूस आहे. उत्तर येईस्तोवर शक्यता शून्य धरत नाही." मग त्याला काहीतरी जाणवलं. "आता तू मला तू म्हणालीस का?"

"म्हणाले असेन."

"परत म्हण."

"तू," ती म्हणाली, "आणि दुसऱ्या पानावर 'निमित्त' चुकलंय. एक टिंब जास्त आहे."

तो इतक्या मोठ्यानं हसला की त्याच्या वर्गातली पोरं विचारू लागली, सर, काय झालं?

*

आश्लेषा छापखान्यात परत पानांवर बसली. सॅनिटायझरची बाटली तिनं स्वतः उचलून कपाटात ठेवली. हात साध्या पाण्यानं धुवायचे आणि पुसून मलम. साहेबांनी पहिल्याच दिवशी तिच्यासमोर भूगोलाचा गठ्ठा ठेवला.

डॉ. यास्मिनच्या दवाखान्यात मात्र गर्दी वाढली. आश्लेषाच्या नोंदी त्यांनी यंत्र बनवणाऱ्यांना पाठवल्या होत्या, आणि दोन महिन्यांत 'कवच'मध्ये बदल झाला. आधी ते हात घेतल्या घेतल्या मजबुती मोजायचं. आता आधी विचारायचं, "या हातांनी तुम्ही काय करता?" मिरजेतला एक सतारिया आला. त्याला उलटं हवं होतं. तारेखालच्या बोटाचा घट्टा शाबूत राहावा आणि बाकी हात मऊ. एक सुईण आली, जिला पोटावरून बाळाचं डोकं चाचपायचं असायचं. अंध शाळेतल्या नऊ मुली एकदम आल्या, आणि खोबणीत कुणाचा हात आधी जायचा यावरून त्यांची भांडणं झाली. डॉक्टर म्हणायच्या, "आता मला प्रत्येकाचा धंदा शिकावा लागतोय." तक्रार करतानाही त्यांच्या आवाजातलं हसू लपत नव्हतं.

जूनमध्ये प्रफुल्ल सांगलीच्या शाळेत रुजू झाला. पहिल्या रविवारी तो पाच वाजता चहाला येणार होता. आला सव्वाचारला.

आईनं त्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं, पंखा लावला, प्रवास कसा झाला हे तीन वेळा विचारलं. मग तिला चहाची आठवण झाली आणि ती आत गेली. पुण्यानंतर ते दोघं पहिल्यांदाच एका खोलीत होते.

"आश्लेषा," तो म्हणाला. फोनशिवाय त्याचा आवाज जरा जाड होता, आणि आता खरंच थरथरत होता. "हात देशील? पत्रात लिहिता येत नाही असं हे एकच आहे."

"आत्ताच मलम लावलंय. तू लवकर आलास." ती हसत होती. "अर्धा तास कशाला हात लावायचा नाही असतो."

"थांबतो की."

तो थांबला. शाळेतल्या एका मुलीनं शून्याला भागायचा प्रयत्न कसा केला ते त्यानं सांगितलं. तिनं भूगोलाच्या पुस्तकात ब्रह्मपुत्रा कशी उलटी वाहत होती ते सांगितलं. आत कपबशा मांडल्याचा आवाज आला, आणि आलं किसल्याचा वास.

आश्लेषानं खुर्ची पुढं ओढली आणि उजवा हात त्याच्या दिशेनं उघडा केला.

"अगं, अजून दहा मिनिटं आहेत!" आतून आई म्हणाली.

"मोजू नकोस गं, आई," आश्लेषा म्हणाली. तोवर त्याची बोटं तिच्या तळहातापर्यंत पोचली होती, आणि फार सावकाश, एक ओळही सुटू नये अशा बेतानं, वाचायला लागली होती.